'ओव्हरलोड वाढवला' म्हणजे काय वाढवलं?

प्रश्न असा आहे: लेथ सारखा बंद पडत होता. वायरमन येऊन म्हणाला, "ओव्हरलोड थोडा वाढवलाय, आता पडणार नाही." ओव्हरलोड म्हणजे जादा भार, मग तो वाढवल्यावर मशीन चालेल कसं? आणि मराठीत 'अतिभार' म्हणावं का?

वर्कशॉपमध्ये हा शब्द दोन अर्थांनी चालतो. 'मोटर ओव्हरलोड झाली' म्हटलं की ती मोटरीची अवस्था: कट जास्त खोल घेतला, बेअरिंग जाम झालं, किंवा एक फेज गेला. पण 'ओव्हरलोड ट्रिप झाला', 'ओव्हरलोड बदलला', 'ओव्हरलोड सेट कर' यांत तो पुल्लिंगी नाम आहे आणि अर्थ आहे स्टार्टरमधली (मोटर चालू-बंद करणाऱ्या पेटीतली) ओव्हरलोड रिले, म्हणजे करंट जास्त राहिला की मोटर बंद पाडणारं उपकरण. लांब नावाचं शेपूट गळून पडलं, इतकंच. वायरमन या दुसऱ्या अर्थाने बोलत होता.

कॉन्टॅक्टरच्या (मोटरीचा सप्लाय जोडणाऱ्या-तोडणाऱ्या विजेवर चालणाऱ्या स्विचच्या) खाली बसणाऱ्या या रिलेत वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावणाऱ्या दोन धातूंच्या जोडपट्ट्या असतात. करंट जास्त वेळ जास्त राहिला की त्या तापून वाकतात, ९५-९६ नंबरचा कॉन्टॅक्ट उघडतो, कॉन्टॅक्टरच्या कॉइलचा सप्लाय तुटतो आणि मोटर थांबते. चालू होताना मोटर ५-६ पट करंट ओढते, तरी पट्टी तापायला वेळ लागत असल्याने रिले तेवढं सोसते. शॉर्ट सर्किट तोडणं मात्र तिचं काम नाही, त्यासाठी फ्यूज किंवा एमसीबी लागतेच. बोलीनेही हा फरक जपलाय: फ्यूज उडतो, एमसीबी पडते, ओव्हरलोड ट्रिप होतो.

तर वाढवली ती रिलेच्या चकतीवरची करंटची मर्यादा. मला काळजी वाटते ती इथे. साध्या डीओएल (मोटर थेट लाइनवर जोडणाऱ्या) स्टार्टरमध्ये चकती मोटरीच्या पाटीवरच्या अँपिअरवर हवी. पाटीवर ७.५ असताना ती १० वर नेली, तर ट्रिप होणं थांबेल, पण वाइंडिंग तापत राहील आणि मोटर रिवाइंडिंगला जाईल. स्टार-डेल्टात (मोटर आधी स्टार आणि मग डेल्टा जोडणीत चालवणाऱ्या स्टार्टरमध्ये) रिले मुख्य लाइनऐवजी वाइंडिंगकडे जाणाऱ्या फेजच्या वायरीत असेल तर पाटीच्या आकड्याच्या ५८ टक्क्यांवर ठेवतात.

'अतिभार' हा शब्द अवस्थेसाठी चांगलाच आहे, लिहिताना जरूर वापरा. उपकरणाला मात्र 'अतिभार रिले' असं पूर्ण लिहा, नाहीतर 'अतिभार वाढवला' वाचून हाच घोळ पुन्हा होईल. आणि वायरमनला एवढं विचारून घ्या: ओव्हरलोड किती अँपिअरवर ठेवलाय, आणि तो आधी ट्रिप का होत होता?