रिफिल केलेलं कार्ट्रिज काल चालत होतं, आज प्रिंटर घेत नाही. प्रिंटर बिघडला का?

नाही, बिघडलेला नाही. तुम्हीच लिहिलंय की रात्री प्रिंटरमधलं सॉफ्टवेअर अपडेट झालं आणि सकाळपासून ‘कार्ट्रिज चालणार नाही’ असं दाखवतंय. कार्ट्रिजवर नखाएवढी चिप असते. प्रिंटर आधी तिची ओळख पटवतो, मगच छापतो. अपडेटने ही तपासणी कडक झाली असणार. शाई आहे तीच आहे.

माझं तहसील कचेरीसमोर झेरॉक्सचं दुकान आहे. गेल्या जूनमध्ये प्रवेशाच्या गर्दीत माझाही प्रिंटर असाच अडला. टोनर, म्हणजे लेझर प्रिंटरची पावडरची शाई, आदल्याच दिवशी भरून आणलेला. शेवटच्या तारखेला मुलं अर्ज छापून घ्यायला उभी होती आणि मला त्यांना दुसऱ्या दुकानात पाठवावं लागलं. त्याचा राग अजून गेलेला नाही. पैसे मोजून घेतलेल्या मशीनमध्ये काय घालायचं ते विकणाऱ्याने का ठरवावं?

चिपशिवाय छपाई होत नाही असं कोणी सांगितलं तर कॅननचं उदाहरण द्या. २०२२च्या सुरुवातीला चिपांचा तुटवडा होता. कंपनीला आपल्याच टोनरवर बसवायला चिपा मिळेनात. तेव्हा जर्मनीतल्या ग्राहकांना तिने स्वतःच कळवलं की इशारा आला तर तो बंद करून पुढे जा, छपाईच्या दर्जावर परिणाम होत नाही. फार तर टोनर किती उरलाय ते नीट दिसणार नाही. म्हणजे अडवणारी चिप, आणि ती ओलांडायची वाटही कंपनीला ठाऊक.

एचपीने सप्टेंबर २०१६मध्ये अशीच अडवणूक केली, लोकांचे चालू प्रिंटर एकाएकी इतर कार्ट्रिजं नाकारू लागले. पुढे २०२०मध्ये इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने, ही बंधनं ग्राहकाला नीट सांगितली नाहीत म्हणून, कंपनीला १ कोटी युरोंचा दंड केला.

हलक्या टोनरने ड्रम, म्हणजे कागदावर छाप उमटवणारा भाग, खराब होतो, हे खरं आहे; मीही एक घालवलाय. पण ती जोखीम माझी.

आता तुमचं काम. रिफिलवाल्याला मॉडेल आणि अपडेटची तारीख सांगा, नव्या अपडेटला चालणारी चिप बहुतेक वेळा मिळते. ती बसवण्याआधी सेटिंगमधलं आपोआप अपडेट बंद करा, नाहीतर पुन्हा हेच होईल. पुढचा प्रिंटर घेताना बाटलीतून शाई ओतायचा टँकवाला बघा. मी तोच घेतला.