तारा ठिपक्याएवढाच दिसतो, मग त्यातला हायड्रोजन कसा ओळखतात?

प्रश्न : उज्जैनची वेधशाळा पाहून इंदूरला परतताना मुलाने विचारले, की मोठ्या दुर्बिणीतूनही तारा ठिपकाच दिसत असेल, तर तो कशाचा बनला आहे हे शास्त्रज्ञांना कसे समजते? — एक वाचक, इंदूर

उत्तर : सवाई जयसिंगांनी उज्जैनला बांधलेली यंत्रे खस्थ गोलांची, म्हणजे आकाशातील ग्रहताऱ्यांची, स्थाने मोजण्यासाठी आहेत; ताऱ्याच्या घडणीविषयी त्यांना काहीच सांगता येत नाही. दुर्बिणीचे मुख्य काम तारा मोठा करून दाखवणे नसून प्रकाश गोळा करणे हे आहे. नैनितालजवळच्या देवस्थळ येथील दुर्बिणीचा आरसा ३.६ मीटर व्यासाचा असून, अंधारात ७ मिलिमीटरपर्यंत विस्फारलेल्या आपल्या डोळ्याच्या बाहुलीच्या मानाने तो सुमारे अडीच लाख पट प्रकाश टिपतो. एवढा प्रकाश हाती असला, तरच तो वर्णपटलेखकातून (प्रकाशाचे रंग वेगळे करणाऱ्या उपकरणातून) पसरवून त्याच्या बारीकसारीक छटा वेगळ्या मोजता येतात.

अशा पसरलेल्या रंगांच्या पट्ट्यात, म्हणजे वर्णपटात, मधूनमधून काळ्या रेषा दिसतात. सूर्याच्या वर्णपटातील शेकडो रेषांची नोंद फ्राउनहोफर यांनी १८१४च्या सुमारास केली, पण त्यांचा उलगडा १८५९ मध्ये किरखोफ यांनी केला. मीठ घातलेले भाताचे पाणी उतू जाऊन गॅसवर पडले की निळी ज्योत पिवळी होते. हा रंग मिठातल्या सोडियमचा, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर तरंगलांबीचा. सूर्याच्या वर्णपटात नेमक्या याच दोन जागी काळ्या रेषा आहेत, कारण त्याच्या तुलनेने थंड बाह्य थरांतील सोडियम आतून येणारा तेवढाच प्रकाश शोषून घेतो; प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषांच्या जागा अशाच ठरलेल्या असतात.

मात्र रेषा ठळक म्हणजे ते मूलद्रव्य जास्त, असा हिशेब येथे चालत नाही, आणि खरी गंमत इथेच आहे. व्याधाच्या वर्णपटात हायड्रोजनच्या रेषा ठसठशीत, तर तांबूस काक्षी ताऱ्याच्या वर्णपटात त्या क्षीण दिसतात. हायड्रोजन मात्र दोन्हीकडे भरपूर आहे. दृश्य प्रकाशातील या रेषा उमटण्यासाठी हायड्रोजनच्या अणूतील इलेक्ट्रॉन आधीच दुसऱ्या ऊर्जापातळीवर असावा लागतो. काक्षीच्या सुमारे ३,५०० केल्विन तापमानाला तसे अणू फारच थोडे असतात, व्याधाच्या सुमारे १०,००० केल्विनला पुष्कळ. त्याहून फार तप्त ताऱ्यांत इलेक्ट्रॉन अणूतून सुटूनच जातात आणि रेषा पुन्हा फिकट होतात. तापमान आणि आयनीभवन (अणूतून इलेक्ट्रॉन सुटणे) यांचे हे नाते मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये समीकरणात मांडले, आणि त्याच्याच आधारे सेसिलिया पेन यांनी १९२५ मध्ये ताऱ्यांत हायड्रोजनच सर्वाधिक असल्याचे गणित मांडले. त्या काळच्या जाणकारांना ते पटले नव्हते.