उत्तर: भाचीचा करार, ‘गोरा’ फ्लेक्स आणि निम्मे पैसे

दादा, दहिवडीहून लिहिलेली तुमची पोस्ट दोनदा वाचली. भाची सतरा वर्षांची, ८०० मीटरला ज्युनियर राष्ट्रीय स्पर्धेत रौप्य. प्रोटीन पावडरची एक कंपनी दोन वर्षांसाठी वर्षाला ६० हजार, वर बूट आणि पावडरचे डबे देते म्हणते. त्याच शर्यतीत पाचव्या आलेल्या मुलीला मात्र सव्वा लाख, कारण करार जुळवणाऱ्या एजन्सीच्या माणसाच्या तोंडून निसटलं, “तिचा चेहरा चालतो.” आणि नमुन्याच्या फ्लेक्सवर भाचीचं तोंड गोरं करून ठेवलंय. सही करावी का आणि रंगाचं बोलावं का, हे तुम्ही विचारलंय.

जवळजवळ याच शब्दांतला कागद आमच्या घरातल्या मुलीच्या वेळी आमच्याही पुढ्यात आला होता, म्हणून लांबलचक लिहिते. मी वकील नाही, सीएही नाही. दोघांना एकदा दाखवल्याशिवाय सही नको. पॅन, तिच्या नावाचं खातं, स्पर्धांच्या प्रमाणपत्रांच्या प्रती हे सगळं झालेलं आहे असं धरून चालते.

आधी त्या “चेहरा चालतो”बद्दल, कारण घरातली माणसंही ते खरं मानून गप्प बसतात. टेनिसमधलं २०१५ साल घ्या. कृष्णवर्णीय सेरेना विल्यम्सकडे तेव्हा एकेरीची २१ ग्रँड स्लॅम होती, गोऱ्या मारिया शारापोव्हाकडे ५. २००४ नंतर शारापोव्हा तिच्याविरुद्ध एकही सामना जिंकली नव्हती. ‘फोर्ब्ज’च्या त्या वर्षीच्या यादीत बक्षिसांची कमाई सेरेनाची १ कोटी १६ लाख डॉलर, शारापोव्हाची ६७ लाख. आणि जाहिरातींची? सेरेना १ कोटी ३० लाख, शारापोव्हा २ कोटी ३० लाख. कोर्टवर जी हरत होती तीच सलग अकरा वर्षं यादीत पहिली. २०१६ मध्ये सेरेना पुढे गेली, आणि २०२० मध्ये जपानची सावळी टेनिसपटू नाओमी ओसाका एकूण ३ कोटी ७४ लाख डॉलरवर गेली, तो तेव्हा महिला खेळाडूचा एका वर्षातला विक्रम होता. म्हणजे चेहरे तेच होते, कंपन्यांनी पैसे लावायला सुरुवात केली तसे ते ‘चालायला’ लागले. त्याच ओसाकाला २०१९ मध्ये जपानच्या निस्सिन नूडल्सच्या कार्टून जाहिरातीत गोरी करून दाखवलं होतं. ओरड झाली, कंपनीने माफी मागून जाहिरात काढून घेतली. तेव्हा फ्लेक्सबद्दल बोलायला लाजू नका. तिकडे वंश म्हणतात, आपल्याकडे रंग, जात, आडनाव, “गावाकडची दिसते” अशी त्याची वेगवेगळी नावं आहेत.

सांगलीच्या स्मृती मानधनाचं नाव घेऊन “आता सगळं समान झालंय” म्हणणारेही भेटतील. ऑक्टोबर २०२२ मध्ये बीसीसीआयने समान केली ती मॅच फी: कसोटीला १५ लाख, एकदिवसीयला ६, टी-२०ला ३. वार्षिक करारात तेव्हाही महिलांच्या सर्वांत वरच्या श्रेणीला ५० लाख आणि पुरुषांच्या वरच्या श्रेणीला ७ कोटी होते. आणि ॲथलेटिक्समध्ये मॅच फी देणारं कुणी नाहीच. तुमच्या भाचीच्या हातात बक्षीस, शिष्यवृत्ती आणि हा करार, एवढंच. कायद्याकडूनही फार आशा नको. समान वेतनाचा १९७६ चा कायदा नोकरीतल्या स्त्री-पुरुषांसाठी होता, दोन मुलींच्या जाहिरातीच्या मानधनाला तो लागत नाही. जाहिरात परिषदेचे (एएससीआय, जाहिरात क्षेत्रानेच स्वतःवर लक्ष ठेवायला नेमलेली संस्था) २०१४ चे रंगाबाबतचे नियम गोरेपणाच्या क्रीमसारख्या उत्पादनांपुरते आहेत, त्यात वेळ घालवू नका. जे मिळवायचं ते करारातच मिळवायचं.

आता आमची सगळ्यात महाग पडलेली चूक. आम्ही रकमेवर घासाघीस करत बसलो, पाच हजार वाढवून घेतले आणि खूश झालो. शेवटून दुसऱ्या पानावर एक कलम होतं: “खेळाडूचे नाव, छायाचित्र व चलचित्र सर्व ज्ञात व भविष्यातील माध्यमांत, कायमस्वरूपी, अतिरिक्त मोबदल्याविना वापरण्याचा हक्क.” त्याच्या खाली अनन्यतेचं, म्हणजे दुसऱ्या कंपनीकडे न जाण्याचं कलम: “आरोग्य, पोषण व तत्सम सर्व उत्पादने.” करार संपला, पैसे थांबले, पाकिटावरचा फोटो थांबला नाही. त्याआधी, करार चालू असतानाच, एका दूधवाल्या कंपनीची विचारणा आली होती, रक्कम बरी होती. ‘तत्सम’मध्ये दूधही बसतं म्हणून तीही गेली. मध्यस्थ कार्यालयाचं नाव घेत नाही. फोन केला की “साहेब दौऱ्यावर आहेत”, लेखी पत्र दिलं की पोच नाही, आणि टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला कर, मुलीच्या पॅनवर न दिसता भलत्याच ठिकाणी भरलेला. वर्षभर हेलपाटे घातले. ‘तत्सम’ हा शब्द दिसला की मला अजून चीड येते. असो.

तुमच्या मसुद्यात हे असणारच, शोधा. एकच ठोक रक्कम घेऊ नका, तीन किमती वेगळ्या लिहून मागा: शूटिंगच्या दिवसांची, फोटो वापरण्याची, आणि दुसऱ्या कंपनीकडे न जाण्याची. वापर म्हणजे कुठे, कशावर, किती दिवस. ‘सातारा व सांगली जिल्हे’, ‘फ्लेक्स, स्थानिक वर्तमानपत्र आणि कंपनीचं स्वतःचं इन्स्टाग्राम’, ‘१२ महिने’. डब्यावरचा फोटो त्यात धरू नका, त्याचे पैसे वेगळे, कारण फ्लेक्स उतरतो पण डबा दुकानात पडून राहतो. मुदत संपल्यावर ३० दिवसांत सगळं उतरवायचं, त्यापुढे दर दिवसाला दंड. अनन्यता फक्त ‘प्रोटीन पावडर’ एवढ्याच दोन शब्दांची. शूटिंगचे दिवस मोजून लिहा, दोनच, प्रत्येकी सहा तास, आणि मुख्य स्पर्धेआधी तीन आठवडे एकही नाही. ८०० मीटरवाली मुलगी दिवसभर उन्हात फोटोसाठी उभी राहिली तर पुढचे दोन दिवस पायांत काही राहत नाही, हे एजन्सीला कळत नाही.

मग त्या मुलीच्या सव्वा लाखाचं काय? भांडू नका, लिहून विचारा: “दोन्ही करारांत दिवस, माध्यमं, क्षेत्र आणि मुदत यांत फरक आहे का ते कळवावे. फरक नसल्यास मानधन समान असावे.” उत्तर येणार नाही किंवा गोलमाल येईल. मग म्हणा, निम्मे पैसे तर निम्मा वापर: एक जिल्हा, एक वर्ष, पाकिटावर फोटो नाही. रंगावर वाद घालता येतो, पण जिंकता येत नाही. वापर कमी करून मात्र घेता येतो, आणि बहुतेक वेळा इथेच रक्कम हलते. त्या दुसऱ्या मुलीवर राग काढू नका, तिने काही केलेलं नाही. उलट तिच्या घरच्यांबरोबर बसून दोन्ही कागद शेजारी ठेवा. हे करता येऊ नये म्हणूनच ‘मानधनाबाबत गोपनीयता’ हे कलम घातलेलं असतं. ते सहीआधी खोडायला लावा.

फ्लेक्सचं. छपाईवाला सांगेल, “फ्लेक्सवर काळपट येतं म्हणून ब्राइटनेस वाढवला.” अर्धं खरं आहे, छापताना रंग दबतो. पण मग सगळंच उजळायला हवं. तुमच्या नमुन्यावर चेहऱ्याशेजारी तिचा कोपर आणि गुडघा बघा. मोज्याच्या वरची उन्हाची रेघ जशीच्या तशी असेल, पाठीमागचा ट्रॅक तसाच असेल आणि फक्त हनुवटीच्या वर रंग बदललेला असेल, तर तो चेहरा वेगळा निवडून गोरा केलाय. कलम असं घाला: “खेळाडूच्या त्वचेचा रंग, चेहऱ्याची ठेवण व अंगकाठी यांत कोणताही बदल करू नये. अंतिम नमुन्यास लेखी मंजुरी मिळाल्याशिवाय छपाई वा प्रसारण करू नये.” मंजुरी मोबाइलवर बघून देऊ नका, स्क्रीनवर सगळं उजळ दिसतं. दोन बाय तीन फुटांचा छापील तुकडा मागा आणि उन्हात धरून बघा. मूळ फोटोंच्या फायलींची प्रतही तुमच्याकडे हवी.

वयाचं विसरू नका. अठरा पूर्ण नसलेल्या मुलीने स्वतः केलेला करार कायद्याने चालत नाही. सही पालकांची लागते आणि तुम्ही मामा आहात. कायदेशीर पालक नसाल तर तिच्या आईवडिलांनी करायची. मुदत तिच्या अठराव्या वाढदिवसापर्यंतच ठेवा, पुढचं ती ठरवेल. तिची ही कमाई तिच्या कौशल्याची, म्हणून वडिलांच्या उत्पन्नात मिळवायची नसते, रिटर्न तिच्या नावाने भरायचं. ६० हजारांवर १० टक्के, म्हणजे ६ हजार कापून ५४ येतील. पॅन दिला नाही तर २० टक्के. बूट आणि डब्यांची किंमत वर्षाला २० हजारांच्या वर गेली की त्यावरही १० टक्के टीडीएस आहे. डबे-बूट ३५ हजारांचे दाखवले तर साडेतीन हजार तुमच्याच रोख रकमेतून जातील. म्हणून ‘वस्तूंवरील कर कंपनी भरेल’ हे लिहून घ्या. कापलेला कर तिच्या पॅनवर दिसतोय का, हे दर तिमाहीला आयकराच्या पोर्टलवर बघा. एजन्सीचं कमिशन २० टक्क्यांच्या वर नको आणि बक्षिसाच्या रकमेवर शून्य. हे माझं मत, पण त्यावर मी हटणार नाही.

जाता जाता पावडरीचं. ‘खेळाडू नियमित सेवन करेल’ असं वाक्य असेल तर काढून टाका. डोपिंगमध्ये शरीरात जे सापडलं त्याची जबाबदारी खेळाडूची, डब्यात काय मिसळलं होतं हे सांगून सुटका होत नाही, वर्षानुवर्षांची बंदी बसू शकते. फोटोत डबा हातात धरणं वेगळं आणि पिणं वेगळं. बॅचनिहाय तपासणीचा दाखला नसेल तर घरी आलेले डबे बंदच राहू देत.

दुखापत झाली तर मानधन किती कापणार, हेही आकड्यात लिहून घ्या. बाळंतपणाचं कलम सतराव्या वर्षी विचित्र वाटेल, पण अमेरिकेची धावपटू ॲलिसन फेलिक्स हिच्यासारख्या ऑलिम्पिक विजेतीला आई होण्याच्या सुमारास नाइके या बूट कंपनीने ७० टक्के कमी देऊ केले होते. तिने २०१९ मध्ये ते जाहीर लिहिल्यावर कंपनीने धोरण बदललं. आपल्याकडे ‘विवाह झाल्यास करार रद्द’ एवढंच कलम असतं. दिसलं तर खोडा.

आणि एक: ३० दिवसांच्या नोटिशीने बाहेर पडण्याची सोय ठेवा. तुमच्याच माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) अंतिम फेरीत दहाव्या आल्या, पुढे महसूल खात्यात अधिकारी झाल्या. भाचीलाही उद्या ५ टक्के क्रीडा आरक्षणातून नोकरी लागली तर पूर्वपरवानगीशिवाय पैसे घेऊन जाहिरात करता येणार नाही, आणि तेव्हा हा कागद गळ्यात अडकलेला नको. मसुद्याची पानं नावं झाकून इथे टाकलीत तर कलमवार बघते, पण रविवारनंतर.