निळा चेकर, दोन बाटल्या अन् वर येणारे गप्पी

प्रश्न : भाऊ, मी पवनी तालुक्यातला. माशांचा दोन फुटाचा टँक आहे, त्यात व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला अन् एक अमेझॉन सोर्ड ही पाण्यातली झाडं लावली. दिवाळीत नवीन एलईडी घेतली, ती सकाळी ८ ते रात्री १० चालू असते. ड्रॉप चेकरमध्ये (पाण्यात झाडांसाठी कार्बन डायऑक्साइड गॅस किती, ते रंगानं दाखवणारी छोटी डबी) टँकमधलंच पाणी अन् सोबत आलेले थेंब टाकले, पण तो निळाच राहते म्हणून तो गॅस सोडणाऱ्या साखर-यीस्टच्या दोन बाटल्या लावल्या. तरी पानांवर केसासारखं शेवाळ चढून राहिलं, अन् सकाळी सारे गप्पी वर येऊन तोंड उघडतात. तिसरी बाटली लावू का?

उत्तर : तिसरी? भाऊ, आधी त्या दोन काढा.

गडबड चेकरमध्येच आहे. त्यात टँकचं पाणी भरायचं नसते, ४ डीकेएचचं (डीकेएच म्हणजे पाण्यातलं बायकार्बोनेट मोजायचं माप) तयार पाणी मिळते ते भरा. मग निळा म्हणजे गॅस कमी, हिरवा म्हणजे ३० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ३० भाग) आसपास, पिवळा म्हणजे माशांचं काही खरं नाही. आपल्याकडचं बोअरचं पाणी गंजात उकळलं की तळाला पांढरा थर धरते, एवढं जड. गॅस विरघळला की पाण्याचा पीएच (आंबटपणा मोजायचा आकडा) उतरते अन् चेकरचा रंग त्यावरच बदलते, पण असं पाणी पीएच सहज खाली येऊ देत नाही, त्यामुळं गॅस भरपूर झाला तरी चेकर निळाच, अन् तुम्ही बाटल्या वाढवत बसले. बरोबर पाणी भरल्यावरही रंग बदलायला तास-दोन तास जातात, पाच-पाच मिनिटांनी जाऊन पाहू नका (मी पाहत होतो).

रात्री झाडंही ऑक्सिजनच घेतात अन् कार्बन डायऑक्साइड सोडतात, त्यात यीस्टला काही दिवस-रात्र कळत नाही, बाटली बुडबुडे सोडतच राहते, म्हणून पहाटे मासे वर. उन्हाळ्यात तर यीस्ट चेकाळते, आधी गॅस धो धो मग एकदम ठप्प, अन् गरम पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावते. पुढं कधी बाटली लावलीच तर रात्री नळी बाहेर काढून ठेवा अन् एअरपंप चालवा, दिवसा पंप बंद, नाहीतर तो गॅस उडवून लावते. नळीला चिमटा मात्र लावू नका, बाटली फुटते. आमच्या घरी फुटली होती, खोलीभर आंबट वास, आई म्हणे दारू गाळून राहिला का तू?

आता लाईट. १४ तास म्हणजे बांधीत पाणी नाही अन् धानाला युरियावर युरिया. उजेड वाढला की झाडाला कार्बनही जास्त लागते, तो पुरला नाही तर झाड थांबते, शेवाळाचं मात्र थोडक्यात भागते. लाईट ६ तासांवर आणा, संध्याकाळी ५ ते ११ ठेवली तरी चालते, पण वेळ रोज तीच. पंधरा दिवसांनी अर्धा तास वाढवून पाहा, ८ च्या वर जाऊ नका. खिडकीतून ऊन पडत असेल तर तिथं पडदा लावा.

अन् हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया जड पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही कार्बन घेतात, आपल्या मामा (माजी मालगुजारी) तलावात कोण बाटल्या लावून राहिलं? सोर्ड हळू वाढेल, वाढू द्या. शेवाळ जुन्या टूथब्रशला गुंडाळून काढा, हायड्रिलावरचं निघत नसेल तर ती फांदीच छाटा, खालून नवीन फुटते.