जुन्या बोलिंग ॲलीतल्या पिना लावणाऱ्या यंत्रांवर कुणी काम केलं आहे का? मागे नेमकं काय चालतं?

हो, केलं आहे. ब्रन्सविक कंपनीच्या ए-२ यंत्रांवर बरीच वर्षं. आजही मला वाटतं की इतकी हुशारीने घडवलेली यंत्रं फार थोडी असतील.

हे काम पूर्वी पोरं करायची. पडलेल्या पिना आणि चेंडू जातात त्या खड्ड्यामागच्या कठड्यावर बसायचं, चेंडू आला की पाय वर घ्यायचे, मग उतरून पिना गोळा करायच्या, पुन्हा उभ्या करायच्या आणि चेंडू परत धाडायचा. गॉटफ्रीड श्मिट यांनी त्यासाठी यंत्र शोधलं, एएमएफ कंपनीने त्याचे हक्क घेतले आणि १९४६ मध्ये बफेलोच्या स्पर्धेत ते लोकांसमोर आलं. ब्रन्सविकचं यंत्र १९५०च्या दशकात आलं.

ए-२चा बहुतेक कारभार मोटर, पट्टे, दातेरी चाकं, कॅम आणि स्प्रिंगांवर चालतो. चेंडू मागच्या गादीवर आदळला की त्या धक्क्यानेच यंत्र जागं होतं. स्वीपची दांडी खाली येते. डगमगणाऱ्या पिना स्थिरावायला जरा वेळ मिळतो आणि मग डेक, म्हणजे पिना उचलणारा आणि मांडणारा वरचा भाग, खाली उतरतो. पिना उभ्या असतील तर चिमटे त्यांना मानेशी धरतात, वर उचलतात, स्वीप पडलेल्या पिना मागे ढकलते आणि डेक उरलेल्यांना जिथल्या तिथे ठेवतो. एखादी पिन थोडी सरकली असेल तर ती सरकलेल्या जागीच परत उभी राहते. फारच सरकली असेल तर डेक तिच्या डोक्यावर टेकतो, यंत्र थांबतं आणि मेकॅनिकला हाक येते.

मला सगळ्यात आवडायचा तो मागचा भाग. खड्ड्यातलं फिरतं कार्पेट पिना मागे नेतं, मोठं उभं चाक त्या वर उचलतं. चाकात पिन कशीही शिरो, वरून सुटताना बूड पुढे करूनच घसरते, कारण तिचं वजन खालच्या अंगाला जास्त. साधारण दीड किलोची, ३८ सेंटिमीटर उंचीची ती पिन मग टरेट नावाच्या टोपलीच्या कप्प्यात जाते. नऊ कप्पे गोल, दहावा मधोमध. दहाही भरले की सगळ्या एकदम डेकमध्ये उतरतात.

बिघाड शोधताना एक गोष्ट पक्की अंगवळणी पडते: दोष दिसतो तिथे तो क्वचितच असतो. टरेट रिकामा राहतो म्हणून नवखा मेकॅनिक टरेटच उघडून बसतो. खरं कारण पुष्कळदा पिनांवरच्या तेलात असतं. लेनवर, म्हणजे चेंडू धावतो त्या पट्टीवर, लावलेलं तेल चेंडूबरोबर मागे येतं, पिनांना लागतं आणि त्या चाकातून निसटायला लागतात. पिना पुसल्या, चाक पुसलं, पट्ट्याचा ताण पाहिला की निम्मी दुखणी जातात. म्हणून रोजच्या साफसफाईला मी दुरुस्तीपेक्षा जास्त मान देतो.

आणखी एक. मागून पाहताना सगळं उलटं असतं, पुढून डाव्या कोपऱ्यात दिसणारी सात नंबरची पिन तुमच्या उजव्या हाताला येते. पुढून कुणी ‘डावीकडची कोपऱ्यातली पडते’ म्हणालं की मनातल्या मनात फिरवून घ्यावं लागतं.

कान इथे डोळ्यांपेक्षा आधी तयार होतात. प्रत्येक फेरीची एक लय असते. ती चुकली, बेअरिंग कुरकुरलं किंवा पिन चाकात दोनदा आपटली, की पुढून तक्रार यायच्या आत आम्ही तिथे पोचलेलो असायचो. पण आत हात घालायचा तो मोटर बंद करून आणि वीज तोडूनच. ‘एकच पिन काढायची आहे’ म्हणून चालू यंत्रात हात घालणाऱ्याला मी कधीही माफ केलेलं नाही. डेक माणूस ओळखत नाही.

आता दोरीला बांधलेल्या पिनांची यंत्रं येत आहेत. ती स्वस्त पडतात, देखभाल कमी लागते, हे मान्य. पण दोरीमुळे पिना वेगळ्या पडतात. अमेरिकेच्या बोलिंग संघटनेनेही २०२३ मध्ये त्या खेळाला स्वतंत्र प्रकार म्हणूनच मान्यता दिली. कुठे जुनं यंत्र चालू असेल तर मेकॅनिकला विचारून एकदा मागे जा, आणि टरेट भरताना जरूर बघा.