वाचक विचारतात : सासरा इंग्लंडचा, धनी फ्रान्सचा

प्रश्न : आंगेराँ द कूसी (सातवा) हा फ्रेंच सरदार इंग्लंडच्या राजाचा जावई होता. मग इंग्लंड-फ्रान्समधल्या शतवर्षीय युद्धात तो लढला तरी कोणाच्या बाजूने?

उत्तर : १३६९ ते १३७७ या काळात कोणाच्याच नाही!

प्वातिएच्या लढाईत (१३५६) फ्रान्सचा राजा जाँ इंग्रजांच्या हाती सापडला. खंडणी ठरली तीस लाख सोन्याचे एक्यू. ती फिटेपर्यंत जे सरदार १३६० मध्ये ओलीस म्हणून इंग्लंडला गेले, त्यांत विशीतला आंगेराँ होता. १३६५ मध्ये तिसऱ्या एडवर्डने थोरली मुलगी इझाबेला त्याला दिली. नवरी ३३ वर्षांची, नवरा २५ चा. खंडणीविना सुटका झाली आणि पुढच्या वर्षी बेडफर्डचं अर्लपदही मिळालं.

मेख इथेच होती. सरंजाम घेताना धन्यापुढे गुडघे टेकून, जोडलेले हात त्याच्या हातांत देऊन शपथ घ्यावी लागे. कूसी या फ्रान्समधल्या आपल्या जहागिरीसाठी तो फ्रान्सच्या राजाला बांधलेला, बेडफर्डसाठी इंग्लंडच्या. दोन्ही राजांतला तह टिकला तोवर हे निभलं. १३६९ मध्ये युद्ध पुन्हा पेटलं, तेव्हा कोणाविरुद्धही तलवार उपसली तरी एक शपथ मोडणार, आणि तिच्याबरोबर जमीन जप्त होणार. म्हणून तो इटलीत पोपसाठी लढला. १३७५ मध्ये आईच्या वारशासाठी ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्यावर चालून गेला, पण स्विस गावकऱ्यांनी त्याच्या टोळ्या पिटाळल्या. ऑगस्ट १३७७ मध्ये त्याने नव्या राजाला, दुसऱ्या रिचर्डला पत्र लिहून इंग्लंडची शपथ सोडली. एडवर्ड जाऊन तेव्हा दोनच महिने झाले होते. सासऱ्याच्या हयातीत त्याने हे केलं नाही, हे आम्हांला लक्षणीय वाटतं.

प्रश्न : बायको-मुलींचं काय झालं?

उत्तर : घर दुभंगलं. इझाबेला आणि धाकटी फिलिपा इंग्लंडमध्ये, थोरली मारी फ्रान्समध्ये. फिलिपाचा नवरा, ऑक्सफर्डचा अर्ल रॉबर्ट द व्हेर, याने १३८७ मध्ये राणीच्या एका सखीसाठी तिला टाकलं; त्याची आई मात्र सुनेच्या बाजूने उभी राहिली.

इझाबेलाच्या मृत्यूनंतर आंगेराँने लॉरेनच्या इझाबेलशी लग्न केलं. तिलाही मुलगीच झाली. १३९६ मध्ये ऑटोमन तुर्कांवरच्या मोहिमेत, निकोपोलिसच्या (आजचं बल्गेरिया) लढाईत तो त्यांच्या हाती लागला आणि सुटकेआधीच, फेब्रुवारी १३९७ मध्ये बुर्सा (आजचं तुर्कस्तान) इथे वारला. मारीचा नवरा आंरी द बारही त्याच मोहिमेवर गेला होता. तोही परतला नाही. मुलगा नसल्याने वारशासाठी विधवा आणि सावत्र लेक भांडू लागल्या. अखेर १४०० मध्ये मारीने कूसी विकली. गिऱ्हाईक होता राजाचा भाऊ, ऑर्लेआँचा ड्यूक लुई. किंमत चार लाख लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन).