वाचकांचे प्रश्न : स्टिरिओस्कोपची एक काच फुटली, तर

प्रश्न : आमच्या जुन्या वाड्याच्या माळवदाखालच्या खोलीत, आजोबांच्या पेटीत लाकडी मुठीचा स्टिरिओस्कोप (शेजारी छापलेली, जवळजवळ सारखी दोन चित्रे दोन काचांतून पाहिली की ती एक होऊन खोली असलेले दृश्य दाखवणारे यंत्र) आणि जोडचित्रांचे काही पुठ्ठे सापडले. उजवी काच फुटलेली होती. एका कारागिराने वाचनाच्या भिंगाची काच कापून तेथे बसवून दिली. चित्र आता स्पष्ट दिसते. परंतु दोन्ही चित्रे एक होत नाहीत आणि थोड्याच वेळात डोळे दुखू लागतात. काय करावे?
— एक वाचक, परभणी

उत्तर : आपले डोळे दुखतात, त्याचे कारण त्या नव्या काचेच्या आकारात आहे. पुठ्ठ्यावरील दोन चित्रांचे मध्यबिंदू सुमारे साडेसात ते आठ सेंटीमीटर अंतरावर असतात, तर माणसाच्या दोन बुबुळांमधील अंतर साडेसहा सेंटीमीटरच्या आसपास असते. हा फरक भरून काढण्यासाठी मूळ काचा पाचरीसारख्या, म्हणजे नाकाकडे पातळ आणि कानाकडे जाड अशा असतात. वाचनाच्या भिंगाचा मधला भाग कापून बसवला, की चित्र मोठे दिसते, पण पाचरीचे काम होत नाही.

मुठीचा हा साधा नमुना अमेरिकेतील ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १८६१ च्या सुमारास तयार केला आणि त्याचे पेटंट घेतले नाही. त्यामुळे अनेक कारखान्यांनी तो आपापल्या मापाने बनवला, आणि म्हणूनच जुन्या बाजारात मोडका स्टिरिओस्कोप मिळाला तरी त्याची काच आपल्या चौकटीत बसेलच, असे नाही. तसा मिळाल्यास दोन्ही काचा एकाच यंत्रातून काढाव्यात. एक जुनी आणि एक परकी अशी जोडी लावू नये, कारण नाभीय अंतरात (दूरच्या वस्तूची रेखीव प्रतिमा काचेपासून जेवढ्या अंतरावर पडते त्यात) थोडा फरक पडला तरी एक चित्र दुसऱ्यापेक्षा मोठे दिसते. पडताळणी सोपी आहे : दूरच्या खिडकीचे प्रतिबिंब काचेतून भिंतीवर पाडावे आणि ते रेखीव होईल तेव्हा काच व भिंत यांतील अंतर मोजावे. ते बहुधा वीस सेंटीमीटरच्या आसपास भरते आणि दोन्ही काचांचे सारखे यायला हवे.

जोडी मिळालीच नाही, तर चष्म्याच्या दुकानात अधिक पाच नंबरच्या दोन न कापलेल्या काचा मागाव्यात. त्या कापताना प्रत्येकीचा प्रकाशीय मध्य (जेथून प्रकाश न वळता सरळ जातो तो बिंदू) बुबुळासमोर न ठेवता बाहेरच्या बाजूला, चित्राच्या मध्यासमोर येईल असा ठेवायला सांगावे; पाचरीचा परिणाम त्यातूनच मिळतो. दोन्ही मध्य एकाच आडव्या रेषेत असणे मात्र अत्यावश्यक आहे. आपले डोळे आत-बाहेर सहज वळतात, परंतु एक वर आणि एक खाली असे वळणे त्यांना जवळजवळ जमत नाही.

निखळलेले लाकडी सांधे शक्यतो सरसाने चिकटवावेत, म्हणजे पुढे गरम पाण्याने ते सोडवता येतील. डोळ्यांवरचा पत्रा नक्षीदार असेल, तर चिंच किंवा राख लावून घासू नये. मऊ कोरडा कपडा पुरे. पितळी स्क्रू जुनेच ठेवावेत.

फुटलेल्या काचेचे तुकडे कृपया टाकू नका. दुकानदाराला कडेची जाडी दाखवायला तेच उपयोगी पडतील.